गूगल स्कॉलरची प्रोफाइल : आठ वर्षांच्या वापरानंतर

दर वर्षी इन्स्पेक्शनच्या आधी महिनाभर आमच्या ग्रंथालयात रांग लागते. रांगेतल्या कुणालाच पुस्तक नको असतं. "मॅडम, माझा एच-इंडेक्स काढून द्या, आज संध्याकाळपर्यंत फाइल द्यायची आहे." एच-इंडेक्स म्हणजे एखाद्याच्या संशोधन निबंधांचा इतरांनी किती उल्लेख केला यावरून काढलेला आकडा. मी सांगली जिल्ह्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. नोकरीला सत्तावीस वर्षं झाली. त्यातली शेवटची आठ वर्षं मी आमच्या डॉक्टरांच्या गूगल स्कॉलर प्रोफाइल, म्हणजे संशोधन निबंध शोधून देणाऱ्या गूगलच्या सेवेवरची त्यांची पानं, उघडून देते, दुरुस्त करते आणि त्यातला आकडा काय सांगतो नि काय सांगत नाही ते समजावत बसते. या सेवेबद्दल मराठीत सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी ग्रंथालयशास्त्र शिकले तेव्हा एखाद्या निबंधाचा पुढे कुणी उपयोग केला हे शोधायचं तर सायन्स सायटेशन इंडेक्सचे जाडजूड छापील खंड काढावे लागत. अक्षरं मुंगीएवढी. उजेडाच्या खिडकीशी पट्टी धरून एकेक ओळ पुढे सरकायची. युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ही कल्पना मांडली आणि १९६४ साली सूची प्रत्यक्षात निघाली, एवढं परीक्षेपुरतं पाठ होतं. पण ते खंड घेणं मोठ्या संस्थांनाच परवडायचं. जिल्ह्याच्या ठिकाणचा डॉक्टर त्यासाठी पुण्या-मुंबईला जायचा, नाहीतर जायचाच नाही. गूगल स्कॉलर नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालं. ते उभारणाऱ्या दोघांपैकी एक अनुराग आचार्य, खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले. वैद्यकीय निबंधांची छापील सूची, इंडेक्स मेडिकस, त्याच वर्षी डिसेंबरात बंद झाली. संशोधकांच्या प्रोफाइल सर्वांसाठी खुल्या झाल्या त्या २०११ मध्ये. आणि हे सगळं फुकट. मी त्या मुंगीएवढ्या अक्षरांवर दिवसचे दिवस घालवलेत, म्हणून मला या फुकट मिळण्याचं मोल फार वाटतं.

प्रोफाइल काढायला दहा मिनिटं लागतात. गूगलचं खातं, नाव, संस्था, विषय, आणि संस्थेचा ईमेल. हा शेवटचा टप्पा पुष्कळजण सोडून देतात. संस्थेच्या ईमेलची खातरजमा केली नाही तर प्रोफाइल शोधात नीट सापडत नाही. मग स्कॉलर तुमच्या नावाशी जुळणारे निबंध समोर मांडतं आणि विचारतं, हे तुमचे का? इथे घाई करू नका. पुढे आणखी एक प्रश्न येतो : नवे निबंध आपोआप जोडू, की आधी तुम्हाला विचारू? आमच्याकडच्या प्रत्येकाला मी 'आधी विचारा' हाच पर्याय निवडायला लावते. महाराष्ट्रात 'पाटील एस' किती असतील याचा अंदाज तुम्हालाही असेलच.

पान तयार झालं की उजवीकडे एक छोटा तक्ता दिसतो. एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, आय-टेन इंडेक्स, आणि दोन रकाने : आजवरचे आणि गेल्या पाचेक वर्षांतले. खाली वर्षवार उभ्या पट्ट्या. सायटेशन म्हणजे तुमच्या निबंधाचा दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात केलेला संदर्भोल्लेख. एच-इंडेक्स ही होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवलेली मोजणी. मी ती अशी सांगते : निबंध जास्त उल्लेखांपासून कमीकडे ओळीने लावा आणि मोजत खाली या. सातव्या निबंधाला सात किंवा जास्त उल्लेख आहेत, पण आठव्याला आठ नाहीत, तर तुमचा एच सात. आय-टेन तर याहून सोपा : दहा किंवा जास्त उल्लेख असलेले निबंध किती. गंमत अशी की एखाद्याचा एकच निबंध हजार वेळा उल्लेखला गेला आणि बाकी काही नसलं तर त्याचा एच एकच. हिर्श यांचा हेतू सातत्य मोजण्याचा होता आणि ते ही मोजणी बऱ्यापैकी करते. पण आयुष्यात एकच मोठी गोष्ट सापडलेल्या माणसाला ती न्याय देत नाही.

आता बायकांच्या नावांबद्दल, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ यात जातो. आपल्याकडे मुलगी एमबीबीएस करते तेव्हा तिच्या नावापुढे वडिलांचं नाव नि माहेरचं आडनाव असतं. एमडीच्या दुसऱ्या वर्षाला लग्न होतं. मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. इंग्रजी जर्नलमध्ये नाव छापतात ते आडनाव आणि दोन आद्याक्षरं. म्हणजे तीन गोष्टींपैकी दोन, कधी तिन्ही बदलल्या. बालरोग विभागातल्या एक मॅडम सहयोगी प्राध्यापकपदासाठी फाइल घेऊन आल्या होत्या. पानावर सहा निबंध. मी सहज विचारलं, लग्नाआधी काही छापलं होतं का? त्या थांबल्या. म्हणाल्या, "होतं की. पण ते आता माझ्या नावावर नाहीत ना." एमडीच्या प्रबंधातून निघालेला, कुपोषित मुलांमधल्या रक्तक्षयावरचा निबंध, त्यांचं सगळ्यात चांगलं काम, आणि बाई म्हणत होती माझ्या नावावर नाही. जुन्या आडनावाने शोधलं तर पाच निबंध निघाले. 'निबंध जोडा' या सोयीतून ते पाचही आत घेतले आणि प्रोफाइलच्या 'इतर नावे' रकान्यात माहेरचं नाव घातलं. त्यांच्या एच-इंडेक्सचं काय झालं ते मला आता आठवत नाही. पाच वर्षांचं काम परत स्वतःचं झाल्यावर त्या खुर्चीत कशा बसल्या होत्या ते आठवतं.

म्हणून माझी सगळ्या तरुण डॉक्टर मुलींना विनंती आहे : पहिल्या निबंधाच्या आधी ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढा. २०१२ पासून मिळतो, फुकट आहे, सोळा अंकी आहे, आणि नाव कितीदाही बदललं तरी तो बदलत नाही. गूगल स्कॉलरची प्रोफाइल त्याची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही हवेत.

प्रोफाइलवर प्रत्येक निबंधासमोर निळ्या अक्षरांत एक आकडा असतो. तो आकडा वाचून लोक पान बंद करतात. माझ्या मते या सेवेचं सगळं मोल त्या आकड्यावर टिचकी मारल्यानंतर सुरू होतं. टिचकी मारली की ज्यांनी ज्यांनी उल्लेख केला ते सगळे निबंध ओळीने समोर येतात. वर एक चौकट असते, तिच्यात खूण केली की फक्त त्या निबंधांच्या आतच शब्द शोधता येतो. ही सोय मला एका घरच्या कारणाने कळली, ते सांगते.

माझं माहेर पोलादपूर तालुक्यातलं. १९७४ च्या मे महिन्यात माझा मामा घराची डागडुजी करताना जांभ्याचा दगड उचलायला गेला आणि लाल विंचू डसला. मी चार वर्षांची होते, मला काही आठवत नाही, आईने सांगितलेलं आहे. आधी घाम. मे महिन्यात हातपाय बर्फासारखे गार. उलट्या. मग धाप, आणि तोंडाला फेस. महाडपर्यंत गाडी पोचायच्या आत गेला. सव्वीस वर्षांचा होता. आमच्याकडे तेव्हा विंचवाने माणूस जातो हे पाऊस पडतो तसं धरलेलं होतं.

दोनच वर्षांनी, १९७६ साली, महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. पुढचं बहुतेकांना माहीत आहे. विंचूदंशावरच्या उपचाराचं संशोधन, २०२२ ची पद्मश्री वगैरे. मला ते वर्तमानपत्रांतून माहीत होतं. एके दिवशी दुपारी ग्रंथालयात कुणी नव्हतं, तेव्हा मी स्कॉलरमध्ये त्यांचे जुने निबंध शोधले. १९८२ चा 'लॅन्सेट' या नामवंत ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकातला निबंध आहे तो लाल विंचवाच्या दंशात हृदयावर येणाऱ्या संकटाची आधी दिसणारी लक्षणं कोणती, यावर. घाम, गार हातपाय, उलट्या. आईने सांगितलेली ओळ न् ओळ तिथे इंग्रजीत होती. मी उठून पाणी पिऊन आले आणि मग पुढे वाचलं.

१९८६ चं 'लॅन्सेट'मधलं दुसरं लिखाण तर अगदी छोटं आहे. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. मामाच्या तोंडाचा फेस तो हाच. प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी. ती नेमकी हा आवळ सोडवते. आधी अशा गंभीर रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण या उपचारानंतर एक-दोनावर आलं.

आता हेच लिखाण आजच्या फाइलमध्ये ठेवून पाहा. मेडिकल कौन्सिलने २०१५ साली नियम केला की पदोन्नतीसाठी फक्त मूळ संशोधनाचे निबंध धरायचे, आणि श्रेय पहिल्या दोन लेखकांनाच. पुढे नियम बदलत गेले, पण मोजणीचा धाक राहिला. संपादकाला लिहिलेलं पत्र, एखाददुसऱ्या रुग्णाची हकीकत, आडगावातलं निरीक्षण, यांना त्या मोजणीत फारशी जागा नाही. आणि कोकणातल्या विंचवावर काम करणारे जगात असतील किती? जो विषय फार थोडे अभ्यासतात, त्यात उल्लेखही थोडेच येणार. कर्करोगावरच्या मध्यम निबंधाला विंचवावरच्या उत्तम निबंधापेक्षा जास्त उल्लेख मिळतात, कारण तिथे लिहिणारेच जास्त असतात.

पण त्या निळ्या आकड्यात शिरा. चिपळूणच्या डॉक्टरांचा २०१० चा निबंध दिसतो, केईएमच्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मधला : प्रतिविष प्राझोसिनपेक्षा सरस आहे का? म्हणजे शेजारच्याच जिल्ह्यातून प्रश्न विचारला गेला. मग बावस्कर पतिपत्नींनी स्वतः महाडच्या दवाखान्यात ७० रुग्णांवर चाचणी केली. ती २०११ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात आली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेले रुग्ण लवकर बरे झाले. ज्या औषधाने स्वतःचं नाव झालं, ते एकटं पुरेसं नाही हे त्यांनी स्वतःच मोजून सांगितलं. मग पुदुच्चेरीच्या जिपमेरमधल्या बालरोगतज्ज्ञांनी तोच प्रश्न लहान मुलांत तपासला. तुर्कस्तानातले डॉक्टर त्यांच्याकडच्या विंचवासाठी प्राझोसिन वापरून लिहितात. एका बिरवाडीच्या निरीक्षणातून हा सगळा वेल फुटलेला आहे आणि तो मला सांगलीत, ग्रंथालयातल्या जुन्या संगणकावर, एक पैसा न देता दिसतो. एच-इंडेक्सच्या तक्त्यात हे कुठे दिसणार?

गडचिरोलीचंही असंच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९९ चा 'लॅन्सेट'मधला निबंध घ्या. ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्याचा उल्लेख करणारे निबंध वाचता वाचता तुम्ही इतर देशांतल्या चाचण्यांपर्यंत पोचता. पण आशाताई आज बाळाला बघायला घरी येते, ती भेट मात्र कुठल्याच पट्टीत मोजलेली नाही.

आता उणिवा. स्कॉलर कुठली जर्नलं धरतं याची यादी जाहीर करत नाही. प्रबंध, छापण्याआधीचे मसुदे, परिषदेतले गोषवारे, संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या पीडीएफ, सगळं घेतं. याचा फायदा असा की छोट्या भारतीय जर्नलमधला उल्लेखही गाळला जात नाही. तोटा असा की फसवता येतं. २०१० साली सिरिल लाबे या फ्रेंच संशोधकाने हे दाखवूनच दिलं. आइक अंटकारे नावाचा माणूस जन्माला घातला, संगणकाकडून शंभरेक निरर्थक निबंध लिहवून घेतले, एकमेकांचे उल्लेख पेरले आणि त्या नसलेल्या माणसाचा एच-इंडेक्स ९४ करून दाखवला. स्वतःच स्वतःचे केलेले उल्लेखही इथे वेगळे काढता येत नाहीत. स्कोपस या सशुल्क निबंधसूचीत ती सोय आहे. म्हणून निवड समितीसाठी मी तिन्हीकडून पाहते : पबमेड ही वैद्यकीय निबंधांची सूची निबंध खरोखर कुठे छापला ते सांगते, स्कोपस स्वतःचे उल्लेख वजा करून देतं, आणि स्कॉलर सगळ्यात रुंद जाळं टाकतं. तिन्हींचे आकडे कधीच जुळत नाहीत, जुळायलाही नकोत. फाइलमध्ये आकडा लिहिताना तो कुठून, कोणत्या तारखेला घेतला हे लिहा. हे न लिहिलेली फाइल मी परत करते.

उल्लेख म्हणजे शाबासकी नव्हे, हेही समितीतल्या मोठ्या माणसांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. अँड्र्यू वेकफील्ड यांचा गोवराची लस आणि ऑटिझम जोडणारा निबंध १९९८ साली बारा मुलांवरून लिहिलेला. 'लॅन्सेट'ने तो २०१० साली मागे घेतला. त्याचे उल्लेख प्रचंड आहेत आणि त्यातले कितीतरी तो कसा चूक होता हे सांगण्यासाठी केलेले. यंत्र दोन्ही सारखेच मोजतं. उलट टोकाला १९५१ चा लोरी यांचा प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीचा निबंध. २०१४ पर्यंत त्याचे तीन लाखांवर उल्लेख झाले होते, कारण प्रयोगशाळेत प्रथिनं मोजली की त्याचं नाव लिहायचं. उपयोगी काम, नक्कीच. पण इन्सुलिनच्या शोधापेक्षा मोठं का?

एक गोष्ट रागाने लिहिते आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरतात : तीस दिवसांत एच-इंडेक्स वाढवून देतो, लेखकांच्या यादीत दुसरी जागा इतक्या रुपयांना. आमच्याकडच्या एका सहायक प्राध्यापकाने अशा एका एजंटाला अठरा हजार दिले. निबंध 'छापला', प्रोफाइलवर दिसला, फाइलमध्ये गेला. सहा महिन्यांनी ते जर्नलच इंटरनेटवरून नाहीसं झालं. तो मुलगा माझ्यासमोर बसून रडला. त्याचं शिकवणं उत्तम आहे, रुग्ण त्याचं नाव काढतात, आणि त्याला खात्री पटवलेली होती की हा एक आकडा नसेल तर तो कुणीच नाही. प्रोफाइलमधून तो निबंध आम्ही दोघांनी मिळून काढला. यादीत खूण करायची नि 'काढा' म्हणायचं, पाच सेकंदांचं काम. त्याला तासभर लागला.

तर पाचपैकी चार तारे, आणि ते मनापासून. कापलेला एक तारा जर्नलांची यादी लपवण्यासाठी आहे. संशोधन करणाऱ्याने, संशोधन न करणाऱ्या पण वाचणाऱ्या डॉक्टरने, आणि वैद्यकीय ग्रंथालयातल्या प्रत्येकाने हे वापरायला शिकलंच पाहिजे. महिन्यातून एकदा प्रोफाइल उघडा, एकाच निबंधाच्या दोन नोंदी पडल्या असतील तर त्या एकत्र करा, दुसऱ्याचं आलेलं काढा. आणि अ‍ॅलर्टची सोय जरूर लावा. कुठल्याही निबंधाचा निळा आकडा उघडला की बाजूला तो पर्याय असतो, त्यासाठी प्रोफाइलही लागत नाही. नवा उल्लेख झाला की ईमेल येतो.

बावस्करांच्या १९८६ च्या लिखाणावर मी असा अ‍ॅलर्ट लावून ठेवला आहे. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, कानाने कमी ऐकते. ईमेल आला की रात्रीच्या फोनवर मी तिला मोठ्याने सांगते, आज अमुक देशातल्या डॉक्टरांनी महाडच्या डॉक्टरांचं नाव लिहिलंय. ती देशाचं नाव कधी विचारत नाही. "कुणाला डसला होता?" विचारते. मागच्या वेळी सांगितलं, एका सात वर्षांच्या मुलाला. "मग?" म्हणाली. मी निबंध पुढे वाचत गेले. तिसऱ्या दिवशी त्याला घरी सोडलं होतं. ते तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा तिने ऐकलं होतं तरी तिसऱ्यांदा सांगायला लावलं.